डब्यात निघाली चिठ्ठी

राजेहो, विकत घेतलेला कॉम्प्युटर गेम खरंच आपला असतो का, यावर आज जरा लांब लिहितोय. गेम न खेळणाऱ्यांनीही वाचा, कारण यात सोयाबीनचं बियाणंही येणार आहे.

२०१९ ची गोष्ट. दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा कापूस विकला आणि बाबांनी त्यातले दोन हजार माझ्या हातावर ठेवले. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन मी एका लढाईच्या गेमचा डबा आणला. घरी येऊन प्लॅस्टिक फाडलं, डबा उघडला, तर आत डीव्हीडीच नाही. नुसती एक चिठ्ठी, तिच्यावर कोड. तो कोड टाकायचा आणि ४८ जीबीचा गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. आमच्या गावात रोजचं दीड जीबीचं पॅक, म्हणजे दुसरं काहीही न पाहता बत्तीस दिवस. शेवटी सीपीयू चादरीत गुंडाळून एसटीने अमरावतीला मामेभावाच्या खोलीवर नेला. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. दोन रात्री त्या खोलीवर काढल्या, तेव्हा कुठे गेम उतरला.

मग दोन-अडीच वर्षं खेळलो. दिवसभर शेत, रात्री जेवण झालं की तासभर गेम. एकट्याने खेळायचा गेम होता, पण सुरू होताना एकदा नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला, म्हणजे तिच्याकडच्या कॉम्प्युटरला, विचारायचा. एके दिवशी कंपनीने सर्व्हर बंद केला आणि त्या दिवसापासून तो गेम सुरूच झाला नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे दुखणं एकट्या तिचं नाही. बाबांना सांगितलं तर त्यांना आधी समजेचना. म्हणाले, "पैसे देल्ले ना तू? बिल हाय ना? मंग तुयं सामान कोनी कसं नेलं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला काही वर्षं लागली. उत्तर असं, की मी सामान घेतलंच नव्हतं. मी परवाना घेतला होता. बटणावर 'विकत घ्या' लिहिलेलं असतं, पण खालच्या अटींच्या ढिगात लिहिलेलं असतं की हा फक्त वापरण्याचा परवाना आहे आणि कंपनी तो काढून घेऊ शकते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला, की डिजिटल माल परवान्यावर देत असाल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, नाहीतर 'खरेदी' हा शब्द वापरू नका. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीम या नेटवरच्या गेमच्या दुकानाने पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. तोवर जगभरच्या कोट्यवधी लोकांना वाटत होतं की गेम आपले आहेत.

युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांचा गेम. मार्च २०२४ अखेर त्याचे सर्व्हर बंद झाले आणि डिस्क घरात असलेल्यांनाही तो खेळता येईना. त्यातून रॉस स्कॉट या माणसाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. युरोपात त्यांच्या मागणीवर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालवा असं कोणी म्हणत नाही, पण बंद करताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा. आणि हे जमतं. त्याच कंपनीने ओरड झाल्यावर 'द क्रू २' ला ऑफलाइन खेळायची सोय दिली. जमत नव्हतं असं नाही, कोणी विचारत नव्हतं.

आता बियाण्याचं. आमच्या घरी दर उन्हाळ्यात आई सोयाबीनची उगवण तपासते. पोत्यातून मूठ-मूठ दाणे काढायचे, त्यातले शंभर मोजायचे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडलं की कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले की ते बियाणं पेरायचं. मी लहान होतो तेव्हा ते मोजायचं काम माझं होतं. हे बियाणं आम्ही एकदाच विकत आणलेलं असतं. सोयाबीन सरळ वाणाचं पीक, म्हणजे पेरलेल्या दाण्यासारखंच पुढचं पीक येतं, त्यामुळे त्याच बियाण्यावर पुढची दोन-तीन वर्षं घरचं पेरता येतं. कपाशीत तसं होत नाही. ती संकरित, दरवर्षी नवं पाकीट आणावंच लागतं.

आणि सोयाबीनचा हा हक्क आमच्यावर कोणी मेहेरबानी म्हणून सोडलेला नाही, तो कायद्यात लिहिलेला आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१, कलम ३९. शेतकरी आपलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं लेबल लावून, ब्रँडेड बियाणं म्हणून विकायचं नाही. किती सरळ वाटणी आहे बघा! वाण ज्याने काढला त्याचा हक्क राहिला, आणि ज्याने पैसे मोजले त्याचाही राहिला. मला गेमच्या बाबतीत एवढंच पाहिजे. कॉप्या काढून विकायच्या नाहीत, हे मला मान्य आहे. पण मी घेतलेला गेम मला चालवता यावा, आणि माझं खेळून झालं की शेजारच्या पोराला देता यावा.

मालकी ज्याच्याकडे, वेळही तोच ठरवतो. हे कापूस पिकवणाऱ्याला सांगायला नको. ज्याच्या घरात उधारी नाही तो गंजी लावून भावाची वाट पाहतो, बाकीचे पहिल्याच बाजारात गाडी नेतात. गेमच्या बाजारात वाट पाहणारी फक्त कंपनी असते. जीटीए ५ हा गाजलेला गेम सप्टेंबर २०१३ मध्ये जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, आला, नोव्हेंबर २०१४ मध्ये नव्या कन्सोलवर, एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर. एकाच कपाशीचे तीन वेचे, आणि पुष्कळ लोकांनी तो गेम दोनदा-तीनदा विकत घेतला. आता जीटीए ६ दोनदा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ ची तारीख दिली आहे, तीही फक्त कन्सोलसाठी. आमच्यासारखे पीसीवाले फरदडीला, म्हणजे हंगाम संपल्यावर राखलेल्या कपाशीला, येतात.

भारताची गणतीही मागेच. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० ला आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये, बिनडिस्कवाल्याची ३९,९९०. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,८२५ होता, म्हणजे डिस्कवालं यंत्र साडेआठ क्विंटलचं. आमच्या कोरडवाहूत तो दोन एकरांचा माल झाला. दहा हजार वाचतात म्हणून माणूस बिनडिस्कवालं घेतो, आणि तिथेच त्याचा दुसऱ्या हाताचा बाजार संपतो. डिस्क असती तर गेम संपवून नागपूरला अर्ध्या किमतीत विकता आली असती, मित्राशी अदलाबदल करता आली असती. आमच्या भागात तर पोरं अशीच खेळतात, तीन जणांत एक गेम.

सर्व्हरला खर्च येतो, कंपन्या बुडतात, हेही मला समजतं. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा गेम ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि पंधरा दिवसांत बंद झाला, पण त्यांनी सगळ्यांचे पैसे परत दिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पैसे परत द्या, नाहीतर गेम चालता ठेवा. दोन्ही नाही, असं मात्र चालणार नाही.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या डिजिटल क्लृप्त्यांवर केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियमही काढले. परवाना देऊन 'विकत घ्या' म्हणणं त्यात स्पष्ट बसवायला हवं, आणि डब्यात डिस्क नसेल तर ते डब्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात मराठीत छापायला हवं. एसटीने सीपीयू न्यावा लागणाऱ्या माणसाला ते आधी कळलं पाहिजे.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. बिल आणि ती चिठ्ठी, दोन्ही माझ्याकडे आहेत. तुमच्यापैकी कोणाचा गेम असाच बंद पडला असेल तर बिल, पैसे भरल्याचा मेसेज, डब्याचा फोटो जे असेल ते सांभाळून ठेवा आणि मला कळवा. अमरावती, यवतमाळ, वर्धा कुठलेही असा. दहा-बारा जण झालो तर एकत्र बसून अर्ज लिहू. बाबा म्हणाले, ते पण येतात.