कर्जाचा आकडा सगळे वाचतात, कर्जाचा कागद कोण वाचतं?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात महाराष्ट्रावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या पुढे गेल्याचं दिसलं आणि नेहमीचं भांडण सुरू झालं. विरोधकांनी ‘राज्य विकायला काढलं’ म्हटलं, सत्ताधाऱ्यांनी ‘सकल उत्पन्नाच्या प्रमाणात सगळं मर्यादेत आहे’ म्हटलं, वाहिन्यांनी दरडोई कर्ज काढून दाखवलं. दर मार्चमध्ये होतं तसंच.

माझी नोकरी वित्त आणि लेखा याच कामात गेली, आणि आता अधूनमधून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात बोलायला जातो. त्यामुळे मला या आकड्याहून वेगळीच काळजी वाटते, आणि ती जरा विस्ताराने लिहितो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

या नऊ लाख कोटींतला मोठा वाटा राज्याच्या कर्जरोख्यांचा. रिझर्व्ह बँक राज्याच्या वतीने त्यांचा लिलाव करते, मागे २००६ चा सरकारी रोखे कायदा आहे, अटी ठरीव साच्यातल्या. व्याज आणि परतफेड घटनेच्या कलम २०२ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित, म्हणजे विधानसभेच्या मतालाही टाकावी लागत नाही. या कर्जात आर्थिक धोका आहे, पण कायदेशीर धोका जवळजवळ नाही. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला त्यात कलमागणिक वाचावं असं फारसं काही नसतंच.

कायदेशीर धोका असतो तो त्या आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टींत. शासन हमी, साखर कारखान्यांची थकहमी (कारखान्याने कर्ज थकवलं तर सरकार भरेल ही हमी), महामंडळांचे करार, परदेशी कर्जाच्या प्रतिहम्या (हमीवरची हमी). तिथे प्रत्येक कागद वेगळा आणि समोरच्या बाजूला पूर्ण वेळ हेच काम करणारे वकील. आपल्या बाजूला कोण? एक कक्ष अधिकारी, ज्याच्या टेबलावर त्याच आठवड्यात विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नांची उत्तरंही असतात.

झांबियाची गोष्ट मी वर्गात हमखास सांगतो. १९७९ मध्ये या देशाने रुमानियाकडून ट्रॅक्टर वगैरे शेतीच्या यंत्रांसाठी सुमारे दीड कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. पुढे तांब्याचे भाव पडले, हप्ते थकले, व्याज चढत गेलं. १९९९ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये नोंदलेल्या डोनेगल नावाच्या कंपनीने ते थकलेलं कर्ज रुमानियाकडून सुमारे ३२ लाख डॉलरला विकत घेतलं. इथपर्यंत झांबियाची बाजू फार वाईट नव्हती. कर्ज जुनं होतं आणि परकीय सरकार म्हणून काही संरक्षणही हातात होतं. मग २००३ मध्ये झांबियाने डोनेगलशी तडजोडीचा करार केला. त्यात देणं मान्य केलं, उशीर झाल्यास दंडव्याज मान्य केलं, आणि सार्वभौम सरकार म्हणून परक्या कोर्टात मिळणारं संरक्षणही सोडून दिलं. काही हप्ते भरले, मग थांबवले. कंपनी लंडनच्या हायकोर्टात गेली आणि साडेपाच कोटी डॉलर मागितले. २००७ मध्ये निकाल लागला. दंडव्याज अवाजवी म्हणून न्यायाधीशांनी रक्कम बरीच उतरवली, तरी सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर झांबियाच्या डोक्यावर बसले. नुकतीच जागतिक कर्जमाफी मिळालेल्या देशाच्या!

या प्रकरणावर लोक ‘गिधाड फंड’, म्हणजे थकलेली कर्जं स्वस्तात घेऊन कोर्टातून वसूल करणारे, म्हणून संतापतात, आणि संताप योग्यच आहे. पण कायद्याच्या दृष्टीने १९७९ च्या कर्जापेक्षा २००३ चा कागद झांबियाला जास्त महाग पडला. असल्या प्रकरणांनंतर हालचाल झाली. २००८ मध्ये आफ्रिकन विकास बँकेच्या आधाराने आफ्रिकी देशांना वकिली मदत देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली, २०१० मध्ये ब्रिटनने अशा वसुलीला चाप लावणारा कायदा केला, आणि संयुक्त राष्ट्रांची ‘युनिटार’ ही संस्था तर विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांसाठी सार्वजनिक कर्जाच्या कायदेशीर बाजूवर अभ्यासक्रम घेत आली आहे. शिकवायचं ते हेच: सही करण्याआधी कागदात काय शोधायचं.

‘आफ्रिकेत होतं हो असं’ म्हणणाऱ्यांसाठी दाभोळ.

डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या दाभोळ कंपनीशी वीज खरेदी करार केला. फेब्रुवारी १९९४ मध्ये राज्य सरकारने मंडळाच्या देण्याला हमी दिली. सप्टेंबर १९९४ मध्ये त्या हमीवर केंद्राने प्रतिहमी दिली. राजकारण तुम्हाला माहीत आहे, समुद्रात बुडवण्याच्या घोषणेपासून फेरवाटाघाटींपर्यंत, त्यात मी शिरत नाही. २००१ च्या सुरुवातीला काय झालं ते बघा. मंडळाने बिलं थकवली. २८ जानेवारीला मंडळाने वीज मागितली आणि करारात ठरलेल्या वेळात प्रकल्प पूर्ण क्षमतेला पोचला नाही, म्हणून मंडळाने ४०१ कोटींचा दंड लावला. मग मंडळाची बाजू अशी, की डिसेंबरचं १०२ कोटींचं बिल या दंडातून वळतं करा. कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली.

आता प्रश्न असा, की मूळ ऋणको आणि धनको यांच्यात दंडावरून वाद असताना हमीदाराला तो वाद पुढे करून पैसे अडवता येतात का? उत्तर हमीपत्राच्या भाषेत असतं. ‘मागणी होताच, कोणतीही हरकत न घेता’ असं लिहिलं असेल तर आधी पैसे द्यायचे, भांडण नंतर. बँक हमीच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ढळढळीत फसवणूक किंवा भरून न येणारं नुकसान असेल तरच अडवणूक करायला वाव ठेवला आहे. म्हणजे शेकडो कोटींचं भवितव्य सात वर्षांपूर्वी टाइप झालेल्या दोन ओळींवर. मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडीत काढला, लंडनला लवाद, इकडे वीज नियामक आयोग आणि कोर्ट, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत. ती कंपनी बुडाली म्हणून आपण किती वाचलो याचा हिशेब आपण कधी नीट मांडला नाही, असं मला वाटतं.

आता घरचं, म्हणजे थकहमी. गावातल्या पतसंस्थेत मित्राला जामीन राहिलेल्या माणसाला हा कायदा अनुभवाने कळलेला असतो, मंत्रालयाला मात्र तो आठवून द्यावा लागतो. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १२८: हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कारखान्याच्या मागे लागायला हवं असं काही नाही, ती थेट सरकारच्या दारात येऊ शकते. हे एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढची कलमं मात्र सरकारच्या बाजूची आहेत आणि तीच कुणी वाचत नाही. कलम १३३ म्हणतं, बँकेने हमीदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून हमीदार सुटतो. कलम १४१ म्हणतं, तारण बँकेने हातचं घालवलं तर त्या किमतीपुरता हमीदार मोकळा. स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रच्या १९८० च्या खटल्यात शेंगदाणा तेलाचे तारण ठेवलेले डबे बँकेच्या हलगर्जीपणामुळे गायब झाले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराला त्या प्रमाणात सोडवलं. तेलाच्या डब्यांच्या जागी गोदामातली साखरेची पोती ठेवा. चित्र ओळखीचं वाटेल.

बँकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्यांच्या छापील मसुद्यात एक परिच्छेद असतो: हमीदार कलम १३३, १३४, १३५, १३९, १४१ खालचे आपले हक्क सोडून देत आहे. असं लिहून दिलं की बहुतेक वेळा ते टिकतं. सरकारने हा परिच्छेद का मान्य करावा? एखाद्या सामान्य कर्जदारासमोर पर्याय नसतो. राज्य सरकारसमोर असतो, कारण बँकेला ती हमी हवीच असते. मी एका वर्गात असं हमीपत्र वाचायला दिलं. विचारलं, यातलं कुठलं कलम खोडाल? बराच वेळ शांतता. मग एक जण म्हणाला, “सर, मसुदा विधी विभागाने तपासलेलाच येतो ना.”

खरी गोम इथे आहे. विधी व न्याय विभाग बघतो की मसुदा कायद्याच्या चौकटीत बसतो का. हक्क सोडून देणं बेकायदा नाही, त्यामुळे तिथे शेरा येतो ‘हरकत नाही’. वित्त विभाग बघतो रक्कम, मुदत, हमी शुल्क. कलमांची भाषा हा आपला विषय नाही असं त्यांना वाटतं. फाईल दोन्हीकडून हिरवी होऊन येते आणि मधला परिच्छेद कुणीच वाचलेला नसतो. यात कुणी कामचुकार नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काम केलेलं असतं.

मार्चअखेर आणखी एक गंमत होते. बँक महामंडळाला पत्र पाठवते, ‘अमुक तारखेला इतकी बाकी आहे, कृपया खातरजमा करून द्या’. लेखाधिकारी सही-शिक्का मारून परत पाठवतो, कारण लेखापरीक्षणाला कागद हवा असतो. मुदतीचा कायदा १९६३, कलम १८: मुदत संपायच्या आत देणं लेखी मान्य केलं की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची. खटला लढवायचा असलेल्या बाकीवर अशी बिनशर्त सही गेली, की पुढच्या सरकारी वकिलाचा एक मुद्दा कमी झाला. ‘वादग्रस्त रक्कम वगळून, हक्क राखून’ एवढं लिहायचं असतं. पाच शब्द!

घटनेची बाजूही आहेच, पण ती प्रशिक्षणात गरजेपेक्षा जास्त शिकवली जाते असं माझं मत. कलम २९२ केंद्राचं, कलम २९३ राज्याचं. राज्याने भारताच्या हद्दीतच कर्ज काढायचं, केंद्राचं देणं बाकी असेल तर केंद्राची संमती घ्यायची. हे पाठ असतं. त्याची धार कुठे लागते ते पाठ नसतं. १९९६ मध्ये आपण कृष्णा खोरे महामंडळ काढलं, कृष्णेच्या पाण्याचं वाटप ठरवणाऱ्या बच्छावत लवादाची २००० सालची मुदत डोक्यावर होती, आणि महामंडळाने शासन हमीवर लोकांकडून रोख्यांतून पैसे उभारले. कर्ज महामंडळाचं, फेड राज्याच्या तिजोरीतून. असली कर्जं राज्याचीच धरली जातील असं केंद्राने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं. केरळ त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने कलम २९३ चे प्रश्न घटनापीठाकडे पाठवले. या कलमाचा अधिकृत अर्थ आजवर लावलाच गेलेला नाही, हे न्यायालयानेच नोंदवलं. तेव्हा वर्गात हे कलम ठाम सुरात शिकवणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं.

त्याच कलमात हमीला मर्यादा विधिमंडळाने ‘ठरवली असल्यास’ अशी आहे, म्हणजे ठरवलीच नाही तर मर्यादाच नाही. मोझांबिकमध्ये २०१३-१४ मध्ये मासेमारी आणि किनारा संरक्षणाच्या नावाखाली सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जं तीन सरकारी कंपन्यांनी काढली आणि संसदेला न विचारता सरकारी हमी दिली गेली. २०१६ मध्ये भांडं फुटलं, नाणेनिधीने मदत थांबवली, देश कोसळला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने जानेवारी २०२४ मध्ये सुचवलं, की वर्षातली नवी हमी महसुली जमेच्या ५ टक्के किंवा राज्य उत्पन्नाच्या अर्धा टक्का यांतलं जे कमी असेल तिथवरच असावी. त्याहून मला त्यांचं दुसरं म्हणणं मोलाचं वाटलं: नाव काहीही असो, ‘लेटर ऑफ कम्फर्ट’ म्हणा की आणखी काही, राज्यावर पुढे बोजा येणार असेल तर ती हमीच समजा. सौम्य इंग्रजीत लिहिलेल्या दिलासा पत्रांवर सह्या करणाऱ्यांना हे फ्रेम करून द्यायला हवं.

मग शिकवायचं कसं? व्याख्यानं कमी करा. सचिवांच्या दोन दिवसांच्या परिषदेतून काही होत नाही, ते सहा महिन्यांत बदलून जातात. कक्ष अधिकारी आणि अवर सचिव, महामंडळांचे लेखाधिकारी, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर विधी विभागाचेच अधिकारी, असा मिश्र वर्ग हवा. हातात खरं हमीपत्र द्या, नावं झाकून. एक गट बँकेचा, एक सरकारचा. जुंपू द्या. वाद कुठल्या कोर्टात, कायदा कुठल्या देशाचा, मागणीची मुदत किती, हमीची कमाल रक्कम व्याजासह की व्याजाविना, अटी बदलताना आम्हाला विचारणार का, तारणाची तपासणी कोण करणार. एका दिवसात माणूस छापील मसुद्याकडे संशयाने बघायला लागतो. एवढं झालं तरी खर्च वसूल.

‘बाहेरून मोठी लॉ फर्म नेमू’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. नेमा. पण वकिलाला सूचना कोण देणार? वकील पर्याय सांगेल, ‘हा धोका घ्यायचा की नाही’ हे टिप्पणीत तुम्हालाच लिहावं लागतं. धोकाच कळला नसेल तर टिप्पणीत येतं ‘सल्लागाराच्या अभिप्रायानुसार मान्यतेस्तव सादर’, आणि संपलं.

पहिल्या वर्गासाठी कागद शोधायला लांब जायची गरज नाही. २०१७ मध्ये केंद्राने राज्यांच्या सक्षम संस्थांना जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेसारख्या परदेशी संस्थांकडून थेट कर्ज घ्यायची वाट मोकळी केली, आणि एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, शिवडी-न्हावा शेवा सागरी पुलासाठी, म्हणजे आजच्या अटल सेतूसाठी, ती वापरली. कर्ज १५ हजार कोटींच्या घरातलं. रचना तीच: संस्थेचं कर्ज, राज्याची हमी, केंद्राची प्रतिहमी. जायका म्हणजे एन्रॉन नव्हे आणि व्याजही सवलतीचं आहे, हे मान्य. परतफेड अजून कित्येक वर्षं चालायची आहे, आणि तोवर ती फाईल सांभाळणारे अधिकारी कितीतरी वेळा बदलतील. आज त्या टेबलावर जो कुणी आहे, त्याला त्या हमीपत्राची प्रत द्यावी आणि प्रत्येक कलमापुढे आपल्या शब्दांत मराठीत दोन ओळी लिहायला सांगाव्यात. पुढे येणाऱ्याला तीच वही द्यायची.