ज्योत विजेने वाकते, पण म्हणून ती प्लाझ्मा ठरत नाही

नमस्कार. 'मेणबत्तीची ज्योत म्हणजे मुख्यतः तापलेला वायू' या वाक्यावर तुमचा आक्षेप असा: ज्योत विद्युतक्षेत्रात वाकते, तिच्यातून वीज वाहते, म्हणजे ती प्लाझ्माच (इलेक्ट्रॉन सुटून विद्युतभारित झालेला आणि त्यामुळे सामूहिकपणे वागणारा वायू). बडोद्यात तुम्ही विज्ञानाचे वर्ग घेता, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

ज्योतीत आयन, म्हणजे विद्युतभारित कण, असतात, पण ते नुसत्या उष्णतेने होत नाहीत. नायट्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १५.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) लागतात. मेणबत्तीच्या सर्वांत गरम भागात, सुमारे १४०० अंश सेल्सिअसला, रेणूची सरासरी गतिज ऊर्जा जेमतेम ०.२ भरते. आयन येतात ते रासायनिक क्रियेतून: मेणाची वाफ जळताना कार्बन-हायड्रोजनचा एक तुकडा ऑक्सिजनच्या अणूला भिडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतो. म्हणूनच शुद्ध हायड्रोजनची ज्योत मेणबत्तीहून गरम असूनही तिच्यात आयन जवळजवळ नसतात. निव्वळ तापमानाचा खेळ असता तर उलटं दिसलं असतं.

शिवाय कोट्यवधी रेणूंमागे एखादाच आयन असतो. इलेक्ट्रॉनांनी एकत्र हेलकावे घ्यावेत, तर त्याआधीच ते तटस्थ रेणूंवर पुन्हा पुन्हा आदळतात. प्लाझ्माचं हे सामूहिक वागणं इथे टिकत नाही. ज्योत वाकते, कारण क्षेत्राने ओढलेले आयन भोवतालचा वायू ढकलत नेतात. ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्योतीत, ३००० अंशांच्या वर, आयन बरेच वाढतात; तिला दुर्बल प्लाझ्मा म्हटलंत तर मी भांडणार नाही. वेल्डिंगचा विद्युत आर्क तर निःसंशय प्लाझ्मा.

वीज वाहण्याचा उपयोग मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत गॅस बर्नरवर दिसेल. ज्योत पेटलेली आहे की नाही हे ओळखायला ज्योतीत फ्लेम रॉड, म्हणजे धातूची दांडी, असते. रॉड आणि बर्नरची बॉडी यांच्यात एसी व्होल्टेज देतात. बॉडीचं क्षेत्रफळ रॉडच्या कितीतरी पट असल्याने प्रवाह एकाच दिशेला जास्त वाहतो, तोही काही मायक्रोअँपिअर; त्यावरूनच बर्नरचा कंट्रोलर ज्योत आहे असं समजतो. रॉडवर काजळी किंवा पांढरा थर बसला, अर्थिंग ढिलं झालं, की प्रवाह घटतो आणि कंट्रोलर ज्योत चालू असतानाही गॅस बंद करतो. आधी रॉड साफ करून पाहावा.

आणि पिवळा भाग? तिथे उजळतात ते काजळीचे तापलेले कण, म्हणजे घन पदार्थ. वर्गात दाखवायचं तर पंखे बंद करा, खिडकीतल्या थेट उन्हात मेणबत्ती ठेवा आणि मागे १०-१५ सेंमीवर पांढरा कागद धरा. पिवळ्या भागाची गडद सावली पडेल, तळच्या निळ्याची नाही. ज्योतीच्या वर थरथरणाऱ्या रेघा दिसतील; त्या काजळीच्या नाहीत, गरम हवेत प्रकाश वळल्याच्या आहेत. मुलं इथेच हमखास गोंधळतात, म्हणून हे आधीच सांगा. ट्यूबलाइटखाली हा प्रयोग फसतो, कारण लांबट दिव्याने सावली पसरून पुसट होते.