‘वीस वर्षांचं खातं मोडू नका’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तिघांनी एकच मेसेज टाकला. ‘वीस वर्षांचं बँक खातं कधीही बदलू नका.’ खाली कारणं: सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पडतो, जुन्या ग्राहकाला कर्ज स्वस्त पडतं, ओळखीच्या बँकेत ठेव सुरक्षित, बिलं आणि पेन्शन अडकते, पीपीएफ मोडावं लागतं. शेवटी हात जोडून, ‘बँक म्हणजे नातं.’ मी स्वतः बावीस वर्षांचं खातं दोन वर्षांपूर्वी बंद केलंय, त्यामुळं गप्प बसवेना.

सिबिलचं आधी उरकतो. सिबिलमध्ये कर्जं आणि क्रेडिट कार्डं असतात, बचत खातं नसतं. ते बंद केल्यानं काही पडत नाही. पडतो तो घाईमुळं. जुन्या खात्यातून हप्ता कापायचं मॅन्डेट, म्हणजे बँकेला दिलेली परवानगी, बदललं नाही आणि खातं रिकामं केलं, तर हप्ता बाउन्स होतो, आणि तो मात्र दिसतो.

आता दुसरं कारण, ज्यानं मला खरा राग आला. जुन्या ग्राहकाला कर्ज स्वस्त? माझं गृहकर्ज 2014 चं, बेस रेटवरचं, म्हणजे बँकेनं स्वतः ठरवलेल्या मूळ दराला जोडलेलं. 2021 मध्ये शेजारच्या पोरानं त्याच शाखेतून घरासाठी कर्ज काढलं आणि पेढे द्यायला आला, तेव्हा बोलता बोलता व्याजदर कळला. माझ्यापेक्षा दीड टक्का कमी. माझी बाकी तेव्हा बारा लाखांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 18 हजारांचा फरक. मॅनेजरना विचारलं, तर अगदी शांतपणे म्हणाले, “तुम्ही अर्जच केला नाही.”

ते खोटं बोलत नव्हते. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) बाहेरच्या दराला जोडणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलं. जुनी कर्जं मात्र ग्राहक मागेपर्यंत जुन्याच दरावर पडून राहिली. मी दिवाळीत मिठाई घेऊन जात होतो, आणि बँक माझ्याकडून जुना दर घेत होती. अर्ज भरला, थोडी फी भरली, दर उतरला. मन मात्र उडालं.

म्हणून उठून दुसरीकडं पळा असं नाही. आधी आपल्याच बँकेत दर बदलून मागा. नाही म्हणाले तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवता येतं; वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत द्यावी लागतात, आणि उशीर बँकेचा असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, मुद्रांक शुल्क, वकिलाचा सर्च रिपोर्ट हे सगळं आलंच. दोन-तीन वर्षांचेच हप्ते उरले असतील तर या खर्चात फायदा वाहून जातो.

ठेवीच्या सुरक्षिततेला खात्याचं वय लागत नाही. बँक बुडाली तर विम्याचं संरक्षण माणशी, एका बँकेत 5 लाख, तेही मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखांतलं मिळून. 1993 पासून हा आकडा 1 लाख होता, फेब्रुवारी 2020 मध्ये वाढला. सरकारी, खासगी, नागरी सहकारी, सगळ्यांना हाच नियम. कालच्या आणि वीस वर्षांच्या खातेदारात फरक नाही. आमच्याकडं गफलत वेगळीच होते. पेठेत पतसंस्थेलाही सर्रास ‘बँक’ म्हणतात, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. ‘ओळखीची बँक’ म्हणून ठेवलेली रक्कम नक्की कशात आहे, ते पावतीवर वाचा.

बिलं अडकण्याचा मुद्दा मात्र निम्मा खरा. माझ्या करवीर तालुक्यातल्या मेहुण्याचं पीककर्ज विकास सोसायटीतून येतं, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा, आणि वसुली कारखाना ऊसबिलातूनच कापतो. ही साखळी एका अर्जानं बदलत नाही, त्यानं तिला हात लावू नये. दूधबिल आणि पेन्शन बदलता येतं, पण एखादा महिना मागंपुढं होतं. गॅसची सबसिडी आधारला जोडलेल्या खात्यात जाते, ती जोडणी नव्या बँकेत आठवणीनं करून घ्यायची.

पीपीएफ मोडावं लागत नाही. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात बदलून घेता येतं, मुदत पहिल्या दिवसापासूनच मोजतात.

मी काय केलं? नवं खातं उघडलं, सहा महिने दोन्ही चालवली, विम्याचे हप्ते, लाइटबिल एकेक करून हलवलं. मग जुन्या खात्याचे उतारे शिक्का मारून घेतले आणि ते रीतसर बंद केलं. तसंच पडू दिलं असतं तर दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय, आणि दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत. तिथून दावा करून मिळतात, पण कागद गोळा करायला म्हातारपणी कोण बसणार?

राहिलं नातं. माझं नातं होतं कॅशियरशी. ते 2017 लाच रिटायर झाले, संध्याकाळी रंकाळा तलावावर भेटतात. परवा हा मेसेज दाखवला तर हसले. त्यांच्या स्वतःच्या ठेवी तीन बँकांत आहेत.