तीन बोटं तोंडात

‘ऑपरेशन आहे? हे पाच नियम पाळा’ हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. मोठे मामा पुढच्या आठवड्यात हर्नियासाठी नागपुरात धंतोलीत भरती होताहेत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

‘सकाळी ग्लासभर दूध पिऊन जा, ताकद राहते.’ हे सगळ्यात घातक. भूल दिल्यावर गिळणं-खोकणं थांबतं. पोटातलं वर आलं तर फुप्फुसात उतरू शकतं. दूध पोटात घट्ट होतं, म्हणून ते खाण्यातच धरतात. हलक्या खाण्यानंतर किमान ६ तास, तेलकट झालं तर ८. तर्री-पोहे घरी आल्यावर.

‘आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको.’ हे दुसरं टोक. साधं पाणी किंवा कोरा चहा भूल देण्याच्या २ तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतो. नागपूरच्या मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला रात्रभर कोरडं ठेवून काय मिळतं? चोथ्याचा संत्रा ज्यूस मात्र पाण्यात मोजत नाहीत, इथे गाव आडवं आणू नये. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा.

‘सगळ्या गोळ्या बंद.’ बीपीच्या काही गोळ्या त्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या असतात. उलट शुगरची डापाग्लिफ्लोझिन निदान ३ दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं डॉक्टरांनाच विचारायचं. सगळ्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या, काढ्याची बाटलीसुद्धा.

‘केस घरीच ब्लेडने काढा.’ नको. बारीक चिरा पडतात, त्यात जंतू शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली ब्लेडला नाहीच म्हटलंय.

आणि पाचवा, ज्यावर मामांनी अंगठा टाकला होता: ‘खर्रा-बिडीचं सांगू नका, तारीख पुढे ढकलतात.’ (खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण.)

परवा तपासणीला मीच सोबत होते. भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “काका, तोंड उघडा. तुमचीच तीन बोटं उभी घालून दाखवा.” दोन गेली, तीही मुश्किलीने.

“खर्रा किती?”

“बंद आहे जी.”

शर्टाच्या खिशातून रबर लावलेली खर्र्याची पन्नी डोकावत होती. मॅडमनी पन्नीकडे पाहिलं, मामांनी पंख्याकडे.

सुपारीने गालाची आतली कातडी आखडते, जबडा उघडत नाही. श्वासाची नळी एरवी तोंडातूनच घालतात. हे आधी कळलं तर दुर्बिणीने नाकातून नळी घालायची तयारी ठेवता येते. माणूस बेशुद्ध झाल्यावर कळलं तर नुसती धावपळ. मामांना कमरेत सुई देऊन भूल द्यायची आहे, तरी ती पुरली नाही तर काय, म्हणून मॅडमनी फाइलवर लाल पेनाने ‘तोंड दोन बोटं’ लिहिलं. तारीख तीच राहिली.

बिडी निदान ४ आठवडे आधी सोडलेली बरी. मामांकडे एकच आठवडा आहे, तरी आजपासून सोडायला सांगितलंय. पन्नी मामीने तिथेच काढून घेतली.