पुढचं बटण दाबणाऱ्या मित्रास

आज गाडीत एकाने जमैकाचा रेगे निर्माता ली ‘स्क्रॅच’ पेरी याचं ‘आर्कॉलॉजी’ हे संकलन लावलं. ज्युनिअर मर्विनचं ‘पोलीस अँड थीव्हज’ संपलं, आणि पठ्ठ्याने ‘पुढचं’ बटण दाबत पुढची चार गाणी धडाधड उडवली. म्हणे, “एकच गाणं पाच वेळा? पैसे उकळायचे धंदे!”

अरे बाबा, हे निर्मात्याचं संकलन आहे! तू उडवलंस त्यात तोच बास, तेच ड्रम्स. पण त्यावर ग्लेन डाकोस्टाचा सॅक्सोफोन, मग जाह लायनचं तालावरचं बोलणं, मग नुसता डब (म्हणजे गाणं बरंचसं काढून बास-ड्रम्स आणि प्रतिध्वनींवर केलेलं मिश्रण), आणि शेवटी ज्युनिअर मर्विनच, नवे शब्द घेऊन. या एका पायाला जमैकात ‘रिडिम’ म्हणतात. यमन दुसऱ्यांदा लागला की म्हणतोस का ‘परत तेच’? (उपमा लंगडी आहे, माहितीये.)

हे सगळं झालं किंग्स्टनच्या वॉशिंग्टन गार्डन्समध्ये, पेरीच्या परसातल्या ‘ब्लॅक आर्क’ स्टुडिओत. टेपवर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज भरायच्या पट्ट्या, फक्त ४. ते भरले की सगळं मिसळून एका-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवं भरायचं. दर उतरवणीला टेपची खरखर वाढते, झांजेची धार जाते. ते पाण्याखालून आल्यासारखं वाटतं ना, त्यात या झिजेचा मोठा वाटा आहे. वर म्यूट्रॉनचा फेझर (आवाज घुसळल्यासारखा करणारं यंत्र) आणि रोलंडचा स्पेस एको (टेपवर प्रतिध्वनी करणारं यंत्र). एकोत टेपचा वेटोळा आवाज वाजवणाऱ्या ३ हेडांवरून फिरतो. वेग बदलला की प्रतिध्वनींमधलं अंतर बदलतं. इंटेन्सिटीचं बटण जरा जास्त फिरलं की प्रतिध्वनी स्वतःलाच खाऊन किंचाळायला लागतो. पेरी तिथेच खेळायचा.

आणि फोनच्या स्पीकरवर डब ऐकून ‘रिकामं वाटतं’ म्हणणाऱ्यांनो, बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची! तो मूळ सूर तुमच्या फोनमधून बाहेरच पडत नाही. रिकामं नाही तर काय वाटणार?

बरं, एक मान्य. १९९७ च्या या ३ सीडींना ‘अख्खी कारकीर्द’ म्हणणं चूक. १९७३ च्या आधीचं त्यात नाही, म्हणजे बॉब मार्लीच्या वेलर्सबरोबरचं १९७०-७१ चं कामही नाही. तेवढं खटकतंच.

जाऊ दे, चिडून काय होणार. उद्या शफल बंद कर, बास बूस्टही बंद. त्याने बास आणि किक ड्रम एकमेकांत कालवतात. पाचही सलग लाव. पहिल्यांदा फक्त बास धर, दुसऱ्या फेरीत गिटारचा खटका कुठे गायब होतो ते बघ.

आणि पुढचं बटण माझ्या ताब्यात.