आधी सिस्टमडी काढू नका

डेबियन लिनक्सवर सिस्टमडी (मशीन सुरू होताना बाकी सगळं चालू करणारा प्रोग्रॅम, म्हणजे इनिट) बदलण्यावरचा एक लेख वाचला. सिस्टमडी पूर्ण काढून मग सिसव्हीइनिट हा जुना इनिट बसवा, असं त्यात म्हटलंय. क्रम नेमका उलटा हवा. आधी सिसव्हीइनिट-कोअर पॅकेज बसवा (ॲप्ट, म्हणजे पॅकेज बसवणारं-काढणारं साधन, सोबत काय काय काढायला निघालंय ती यादी वाचूनच होकार द्या), रीबूट करा, सगळं धड चालतंय हे बघा आणि मगच सिस्टमडीला निरोप द्या. तोवर गाडी अडलीच तर ग्रबमध्ये (बूट होताना येणारा मेनू) कर्नलच्या ओळीत इनिट म्हणून सिस्टमडीचा पूर्ण पाथ देऊन जुन्यावर परत येता येतं.

नेटवर्कचा लेखात उल्लेखच नाही, आणि दूरच्या सर्व्हरवर खरी गोम तिथेच आहे. नेटवर्क सिस्टमडीचाच भाग असलेलं सिस्टमडी-नेटवर्कडी सांभाळत असेल तर नव्या इनिटखाली ते उठणार नाही, म्हणजे एसएसएचही (दुरून लॉगइन करायची सोय) गेलं. आधी इफअपडाउन या नेटवर्क सांभाळणाऱ्या दुसऱ्या साधनावर या, ते तपासा, मग इनिटला हात लावा. सीरियल कन्सोल (नेटवर्कशिवाय सीरियल पोर्टवरून मशीनपर्यंत पोचायची वाट) हाच शेवटचा आधार असेल तर इनिटटॅब या सिसव्हीइनिटच्या सेटिंग फाइलमधली त्याची गेट्टीची (लॉगइन प्रॉम्प्ट दाखवणारा प्रोग्रॅम) ओळ पुढचं # काढून चालू करा. मुळात ती कॉमेंट केलेली असते.

डेस्कटॉपवाल्यांना ई-लॉगइनडी (सिस्टमडीच्या लॉगइन सांभाळणाऱ्या भागाचा स्वतंत्र पर्याय) लागेल. नवीच मशीन उभी करायची असेल तर हा खटाटोप कशाला? सरळ डेव्हुआन, म्हणजे सिस्टमडीशिवायचं डेबियन, टाका.