ग्रेहाउंडला पळायला आवडतं, म्हणून शर्यत?

न्यूझीलंड सरकारनं डिसेंबर 2024 मध्ये ग्रेहाउंड या वेगवान जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय: 'हा कुत्रा पळण्यासाठीच जन्मलाय, त्याची खेळाडूसारखी बडदास्त असते, दुखापती जेमतेम एक टक्का, आणि बंदी आली की बिचारे मारले जातील.' बैलगाडा शर्यतींच्या वादात आपण असंच ऐकलंय, त्यामुळे तो आपल्याकडेही पटकन पुढे ढकलला जातो.

पळायला आवडतं, मान्य. मोकळं रान मिळालं की ग्रेहाउंड ताशी साठेक किलोमीटरनं सुटतो, मनात येईल तिथं थांबतो आणि उरलेला दिवस लोळून काढतो. ट्रॅकवर सहा-आठ कुत्री यांत्रिक सशामागे एकदम सोडली जातात. पहिल्याच वळणावर आतली कड धरताना ती एकमेकांवर आदळतात. वळणं बहुधा डावीकडची, त्यामुळे ताण दरवेळी उजव्या मागच्या पायावर येतो. त्याच पायाच्या घोट्यातलं छोटं हाड मोडणं ही पशुवैद्यांच्या ओळखीची, या शर्यतींचीच म्हणावी अशी दुखापत. नुसत्या हौसेनं पळणाऱ्याचं नेमकं तेच हाड का मोडावं?

आता तो एक टक्का. ब्रिटनच्या ग्रेहाउंड मंडळाची 2024 ची आकडेवारी साधारण तेवढीच येते. पण टक्का काढलाय तो कुत्रा शर्यतीत धावला त्या प्रत्येक वेळेवर, कुत्र्यांच्या संख्येवर नाही. एकच कुत्रा वर्षभरात कितीदा तरी धावतो आणि दरवेळी तीच जोखीम पुन्हा घेतो. त्याच मंडळाच्या हिशेबात त्या वर्षी 3,809 दुखापती आहेत, आणि ट्रॅकवरच मेलेली कुत्री 123. एक टक्का म्हटलं की हे दिसत नाही, म्हणूनच तो पुढे केला जातो.

बडदास्त असते, जिंकतोय तोवर. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात माजी न्यायमूर्ती मायकल मॅकह्यू यांच्या आयोगानं 2016 मध्ये अंदाज दिला: बारा वर्षांत 48,891 ते 68,448 कुत्री मारली गेली, कारण ती पुरेशी वेगवान नव्हती किंवा शर्यतीच्या कामाची नव्हती. कुठल्या खेळात संघात निवड न झालेल्याला मारतात? (तिथल्या सरकारनं बंदी आणली आणि काही महिन्यांतच मागेही घेतली.)

म्हणजे बंदीनंतर कुत्री मारली जातील ही भीती दाखवणारा धंदा बंदीआधी तेच करत होता. चीनमधल्या मकाऊचा ट्रॅक 2018 मध्ये बंद पडला तेव्हा पाचशेहून जास्त कुत्री तिथेच राहिली होती. प्राणीमित्रांनी त्यांना देशोदेशी घरं शोधून दिली. न्यूझीलंडनं तर निर्णय जाहीर केला त्याच दिवशी, शर्यतीची कुत्री विनाकारण मारायला मनाई करणारा कायदा तातडीनं मंजूर केला, आणि कुत्र्यांना घरं मिळावीत म्हणून धंदा गुंडाळायला जवळपास वीस महिने दिले.